घोडं कुठे पेंड खातं?

(प्रस्तावना)

दर वर्षी नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारतो. “तुमचं सॉफ्टवेअर स्लो आहे म्हणता, ते कशावरून?” वर्गात थोडी चुळबुळ होते. मग कुणीतरी धीर करून म्हणतं, “सर, वापरताना जाणवतंच की.” उपाय विचारले तर मात्र उत्तरं तयार असतात. सर्व्हर मोठा घ्यायचा, रॅम वाढवायची, भाषा बदलायची, सगळं क्लाउडवर टाकायचं. ताप किती आहे हे न बघताच सलाईन लावायची आपल्याला हौस असते. हे पुस्तक त्या हौसेच्या विरोधात लिहिलं आहे.

त्या हौसेवर बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी तिची किंमत मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेसाठी मी प्रवेशअर्जांचं सॉफ्टवेअर लिहिलं. तपासताना दोनशे अर्ज भरून पाहिले. सगळं लोण्यासारखं चाललं. अर्जाची शेवटची तारीख आली आणि सकाळी अकराच्या सुमाराला यादीचं एक पान उघडायला चाळीस सेकंद लागू लागले. बाहेर पालक रांगेत आणि आत कारकून माझ्या तोंडाकडे बघतायत. मी धावत जाऊन रॅम आणली, बसवली. पान पुन्हा चाळीस सेकंदांत. दुपारी कुणाकडून तरी दुप्पट ताकदीचं मशीन मागून आणलं. पान बत्तीस सेकंदांत.

रात्री सगळे घरी गेल्यावर मी जे सकाळीच करायला हवं होतं ते केलं. प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर वेळ टिपली. तेव्हा दिसलं, की पानावर पन्नास विद्यार्थी असले तर माझा प्रोग्रॅम डेटाबेसला एक नव्हे, एकशे एक प्रश्न विचारत होता: एक यादीसाठी, पन्नास प्रवर्गासाठी, पन्नास फीच्या पावतीसाठी. आणि पावत्यांच्या टेबलला विद्यार्थ्याच्या क्रमांकाचा इंडेक्सच नव्हता. म्हणजे प्रत्येक पावती शोधताना वीस हजार पावत्या पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या जात होत्या. एक पान दाखवायला दहा लाख नोंदींवरून हात फिरत होता. एकशे एक प्रश्नांचा मी एकच प्रश्न केला, इंडेक्स घातला. अर्ध्या तासाचं काम. पान अर्ध्या सेकंदाच्या आत उघडलं. रॅमचे पैसे गेले ते गेलेच. पण दोनशे अर्जांवर जे दिसत नाही ते वीस हजारांवर माणसाला रांगेत उभं करतं, हे त्या दिवशी अंगावर आलं.

आपल्याकडे याला नेमका शब्दप्रयोग आहे: घोडं कुठे पेंड खातं ते बघा. सॉफ्टवेअर वेगवान करण्याची सगळी विद्या या एका वाक्याभोवती फिरते. घोडं कुठे पेंड खातंय हे न बघता चाबूक ओढला तर घोडं पळत नाही, फक्त चाबूक झिजतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरात हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलामुलींच्या घरी कुणी ना कुणी वाळूजला, चिकलठाण्याला किंवा शेंद्र्याला कंपनीत आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पुढे एका अख्ख्या पिढीने असेंब्ली लाईन जवळून पाहिली. लाईनवर सहा जागा आहेत. पाच जागांवर काम चाळीस सेकंदांत होतं, सहाव्या जागेवर नव्वद सेकंद लागतात. मग गाडी दर नव्वद सेकंदांनीच बाहेर पडणार. बाकीच्या पाच जागांवर जगातले चपळ कामगार आणून बसवा. सहाव्या जागेपुढे अर्धवट माल साचेल, एवढंच. लाईनवर वीस वर्षं काढलेल्या बापाला हे सांगावं लागत नाही. त्याच्या इंजिनिअर मुलाला मात्र सांगावं लागतं, कारण त्याच्या लाईनवरचा माल डोळ्यांना दिसत नाही.

आता विषयाची दोन अंगं वेगळी करू. बोलताना आपण ‘फास्ट’ या एकाच शब्दात दोन्ही कोंबतो. एक आहे वेग: एक काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती वेळ लागतो. दुसरं आहे झेपणं: एका वेळी किती कामं अंगावर घेता येतात आणि भार वाढला तरी पाय डगमगत नाहीत ना. इथून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, तिथल्या मागावर हा फरक डोळ्यांनी बघता येतो. भरजरी पदराची एक पैठणी विणायला महिने जातात. एकाचे दहा माग केले तर त्याच काळात दहा साड्या उतरतील. पण पहिली साडी एक दिवससुद्धा लवकर मिळणार नाही. दहा माग म्हणजे झेपणं. विणकराचा हात, धोट्याची फेक, नक्षीची रचना सुधारली तर तो वेग. साडी लवकर हवी असलेल्या गिऱ्हाइकापुढे मागांची संख्या वाढवून ठेवणारे सल्लागार आपल्या धंद्यात पुष्कळ आहेत.

झेपण्याचा पहिला शत्रू म्हणजे कामाची वाढ. माणसं दुप्पट झाली की काम दुप्पट होईल, असा आपला भाबडा हिशोब असतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. या योजनेची अट अशी, की एका माणसाला एकच क्रमांक. म्हणून नव्याने नाव नोंदवणारा आधीच्या कुणाशी जुळत नाही ना, हे बघावं लागतं. प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची म्हटलं तर दहा माणसांत ४५ तुलना होतात. हजार माणसांत जवळजवळ पाच लाख. माणसं शंभरपट वाढली, काम अकरा हजारपट. आणि शंभर कोटी माणसांसाठी हा आकडा पाचावर सतरा शून्यं इतका होतो. इथे ‘मशीन मोठं घेऊ’ हे उत्तर हास्यास्पद ठरतं. आधी तुलनाच कमी करायच्या आणि मग उरलेल्या अनेक यंत्रांत वाटायच्या, हाच मार्ग उरतो. टेंभलीच्या पहिल्या दिवशी काम किरकोळच असणार. पण रचना शंभर कोटींचा विचार करून आखावी लागते. या पुस्तकाच्या पहिल्या भागात हाच हिशोब आहे: आकडा वाढला की काम कसं वाढतं.

वाढ उलट्या बाजूनेही चालते, आणि ती बाजू मोठी सुखाची आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती घ्या. सुमारे साठ हजार शब्द. शब्द अकारविल्हे लावलेले नसते तर एक शब्द शोधायला सगळा कोश वाचावा लागला असता. लावलेले आहेत, म्हणून मध्यावर उघडायचं, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघायचं, उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं करायचं. जास्तीत जास्त सोळा वेळा. साठ हजारांऐवजी शंभर कोटी शब्द असते तरी तीस वेळाच. डेटाबेसचा इंडेक्स म्हणजे ही अकारविल्ह्याची करामत, थोडी वाढवलेली. पण तीही फुकट नाही. कोशात नवा शब्द घालायचा तर जागा करावी लागते, तसं प्रत्येक इंडेक्समागे नोंद लिहिण्याचं काम वाढतं. दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स घालणारा माणूस आणि एकही न घालणारा माणूस, दोघे एकाच परीक्षेत नापास होतात.

दुसरा शत्रू अंतर. संगणकाच्या पोटातही जवळ आणि लांब असतं, पण ते नॅनोसेकंदांत असल्याने कळत नाही. म्हणून वर्गात आम्ही एका नॅनोसेकंदाला एक सेकंद मानून बघतो. प्रोसेसरच्या अगदी हाताशी असलेली माहिती एका सेकंदात मिळते. ओट्यावरच्या डब्यातून मोहरी घेतल्यासारखी. रॅममधली आणायला दीड-दोन मिनिटं: शेजारी जाऊन विरजण आणलं. एसएसडीतली आणायला सवा दिवसाच्या आसपास: पुण्याला जाऊन आलो. जुन्या फिरत्या डिस्कवरची आणायला चार महिने, म्हणजे एक आख्खा चातुर्मास. आणि अमेरिकेतल्या सर्व्हरला विचारून यायला पाच वर्षांहूनही जास्त, म्हणजे निदान एका लोकसभेची मुदत. हा तक्ता एकदा डोक्यात बसला की लूपच्या आत नेटवर्कवरून प्रश्न विचारणारी ओळ लिहिताना हात आपोआप थांबतो. मोहरीच्या दाण्यागणिक निवडणूक कोण लावेल?

अंतरावरचा उपाय आपल्या शहराला शिकवायची गरज नाही. आपलं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं आणि ते रोज येत नाही, म्हणून घराखाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत ड्रम. तहान लागली की कुणी पैठणला जात नाही. संगणकात याच टाकीला कॅशे म्हणतात. दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी, त्यांचे आईबाप, मामा, शेजारी. आणि दुपारी एक वाजता सगळे एकदम तुटून पडतात. पण निकाल लागल्यावर तो बदलतो कुठे? पुनर्मूल्यांकनाचे थोडे अपवाद सोडले तर नाही. मग प्रत्येकासाठी डेटाबेसला का उठवायचं? आदल्या रात्री प्रत्येकाच्या निकालाचं पान तयार करून ठेवावं, त्याच्या प्रती अनेक ठिकाणी ठेवाव्यात, आणि एक वाजता फक्त दार उघडावं.

सातबाऱ्याचं तसं नाही. जमीन विकली, फेरफार मंजूर झाला, आणि कॅशेमधून कालचाच उतारा दाखवला, तर त्या शिळ्या कागदावर उद्या व्यवहार होईल आणि परवा कोर्टकचेरी. निकाल शिळा होत नाही, सातबारा होतो. टाकी बांधणं सोपं आहे. तिच्यातलं पाणी कधी उपसून टाकायचं हे ठरवणं अवघड. कॅशेवरचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात लांबलं आहे ते याच कारणाने.

तिसरा शत्रू रांग. तिचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे आणि ते संगणकासाठी मांडलेलंही नव्हतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन कॉल कसे येतात यावर निबंध लिहिला, आणि तिथून रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्यातली एक गोष्ट प्रत्येक प्रोग्रॅमरने पाठ करावी. एकच खिडकी आहे, लोक मनाला येईल तेव्हा येतात, आणि प्रत्येकाचं काम कमीजास्त वेळ घेतं. खिडकीवरचा माणूस निम्मा वेळ कामात असेल तर सरासरी गिऱ्हाइकाला कामाच्या दुप्पट वेळ लागतो. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर पाचपट. ९० टक्क्यांना दहापट. ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणजे ‘सर्व्हर ९५ टक्के वापरला जातोय, पैसा वसूल’ म्हणून मालक ज्या वेळी खूश असतो, त्याच वेळी गिऱ्हाईक शिव्या देत असतं. थोडी मोकळीक ठेवणं हा अपव्यय नाही. लग्नात पंगतीला पान वाढायला माणूस मोकळा हवा असेल, तर त्याला सकाळपासून नारळ सोलायला बसवू नये.

रांगेसोबत सरासरीचा फसवेपणाही येतो. शंभरातली नव्व्याण्णव कामं एक दशांश सेकंदात झाली आणि एकाला तीस सेकंद लागले, तर सरासरी येते ०.४ सेकंद. अहवालात छान दिसते. पण आजचं एक पान उघडताना आत पन्नास लहान कामं होतात. त्यातलं एकही अडकलं तर पान अडकतं. हिशोब केला तर शंभरातली जवळजवळ चाळीस पानं अडकलेली निघतात. असाच दुसरा एक आकडा. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यूपीआयने ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदा महिन्याला हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. सरासरी काढली तर सेकंदाला जवळजवळ ४,००० व्यवहार. पण पहाटे तीन वाजता इथली गुलमंडीची बाजारपेठ झोपलेली असते आणि दिवाळीच्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. झेपवायची असते ती संध्याकाळ. सरासरी नावाची वेळ घड्याळात येतच नाही.

मग कामं वाटून द्यायची, हा विचार येतोच. महाराष्ट्रात त्याचा इतिहास अभिमानाचा आहे. अमेरिकेने हवा तो महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एकच राक्षसी प्रोसेसर बनवण्याच्या मागे न लागता त्यांनी बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून कामाला लावले. एकाला झेपत नाही ते अनेकांनी उचलायचं. पण या मार्गाचीही एक हद्द आहे, आणि ती जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवली होती. कामाचा दहावा हिस्सा जर एकट्यानेच करण्यासारखा असेल, तर हजार प्रोसेसर लावले तरी एकूण वेग दहापटीच्या पुढे जात नाही. लग्नाच्या स्वयंपाकात पुऱ्या लाटायला शंभर बायका बसल्या, तरी कढई एक असेल तर पंगत कढईच्याच वेगाने उठते. म्हणजे इथेही घोडं कुठे पेंड खातं, हाच प्रश्न.

तो प्रश्न सोडवायचा तर आत डोकावता आलं पाहिजे. मला या शहरातला सगळ्यात चांगला धडा पुस्तकांत नाही, जमिनीखाली सापडला. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि पुढे डोंगराकडून शहरात पाणी आणणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरी म्हणून ती आजही ओळखली जाते. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. पण मला तिच्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते उताराचं गणित नाही. जमिनीखालून जाणाऱ्या त्या वाटेवर बांधणाऱ्यांनी अंतराअंतरावर वरून उघडणारी तोंडं ठेवली. गाळ साचला, पाणी अडलं, तर माणूस आत उतरून बघू शकेल यासाठी. पाणी कुठपर्यंत नीट येतंय आणि कुठून पुढे कमी होतंय, हे शोधायला सगळी नहर खणावी लागू नये. आपण मात्र सॉफ्टवेअर बांधताना वाहिनी पुरतो, वर फरशी बसवतो, आणि पाणी अडलं की फरशीवर उभं राहून तर्क लढवतो. लॉग, मोजणीचे आकडे, प्रोफायलर ही आपल्या नहरीची तोंडं आहेत. ती बांधतानाच ठेवावी लागतात. तुंबल्यावर पाडायला गेलं तर शहर तहानलेलं असतं.

एक सावधगिरीची सूचनाही इथेच करून ठेवतो. हे पुस्तक वाचून झाल्यावर प्रत्येक ओळ वेगवान करायची खुमखुमी येईल. ती आवरा. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्येच बजावलं आहे, की वेळेआधी केलेली वेगाची कारागिरी पुष्कळ अनर्थांचं मूळ असते. पण ज्या थोड्या भागात खरोखर वेळ जातो, तिथली संधी सोडू नये, असंही त्यांनी तिथेच म्हटलं आहे. लोक पहिला अर्धा भाग सांगून आळस झाकतात. महिन्यातून एकदा चालणारा पगारपत्रकाचा प्रोग्रॅम तीनऐवजी दोन मिनिटांत झाला, आणि त्यापायी तो कुणाला वाचता येईनासा झाला, तर तो तोटाच. दिवसातून लाख वेळा चालणारी क्वेरी निम्म्या वेळात झाली, तर तो सण.

हे सगळं मराठीत का, असं मला विचारतात. इंग्रजीत पुस्तकं भरपूर आहेत, चांगलीही आहेत. पण जालना, बीड, परभणी, सिल्लोड, कन्नडहून इथे शिकायला येणारी मुलं इंग्रजीत व्याख्या पाठ करतात आणि मराठीत विचार करतात. ‘थ्रूपुट’ची, म्हणजे झेपण्याची, व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलीला मी विचारलं, की पैठणीचे माग वाढवले तर काय होईल, तेव्हा ती पहिल्यांदा थांबली, आणि मग तिला व्याख्या समजली. म्हणून सर्व्हर, डेटाबेस, इंडेक्स, कॅशे हे शब्द आहेत तसेच ठेवले आहेत. त्यांना संस्कृत कपडे शिवलेले नाहीत. विचार तेवढा आपल्या भाषेत मांडला आहे.

पुस्तकातले प्रयोग साध्या लॅपटॉपवर होतात. जुना, कुरकुरणारा लॅपटॉप असेल तर उत्तम. महागडं मशीन तुमच्या चुका झाकतं. गरीब मशीन त्या चारचौघांत सांगतं. प्रत्येक प्रकरणात एक मुद्दाम हळू लिहिलेला प्रोग्रॅम दिला आहे. उत्तराकडे जाण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा: आता किती वेळ लागतो, तुमच्या मते वेळ कुठे जातो, आणि मोजल्यावर तो कुठे गेलेला दिसला. दुसरी आणि तिसरी गोष्ट जुळली नाही तर लाजू नका. मी अजून दर आठवड्याला चुकतो. फरक एवढाच, की आता रॅम विकत घेण्याच्या आधी चुकतो.

मागच्या वर्षीच्या तुकडीतला “जाणवतंच की” म्हणणारा मुलगा दिवाळीनंतर भेटायला आला. एका दुकानाच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकतंय, म्हणाला. मी विचारलं, “कशावरून?” त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. त्यावर सहा पायऱ्या होत्या, प्रत्येकीसमोर सेकंद लिहिलेले, आणि चौथ्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल. मला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही चहा घेतला.

छत्रपती संभाजीनगर